‘वाजवी’ म्हणजे किती?

पत्र असं आहे:

“वकीलताई, नमस्कार. मी तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात काम करतो. वय २८. आमच्या भागात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही रात्री दोनला. आम्ही दहा-बारा जणांनी मिळून कोपरा सभा घ्यायचं ठरवलं. जागा प्रसूतिगृहासमोरचा चौक, कारण संध्याकाळी तिथे वर्दळ असते. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेलो, तर साहेब म्हणाले, ‘कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होईल, नको.’ लेखी काही दिलं नाही. सभा घेणं आमचा हक्क आहे म्हटल्यावर म्हणाले, ‘हक्काला मर्यादा असते.’ गंमत म्हणजे आमच्या गल्लीतल्या मंडळाचा डीजे रात्री साडेबारापर्यंत वाजतो. वडिलांची बायपास झाली आहे. आवाज कमी करा म्हणून सांगायला गेलो, तर पोरं म्हणाली, ‘सण साजरा करणं हा आमचा मूलभूत हक्क आहे.’ तिथे कशी मर्यादा नाही? दाजींना हे सांगितलं, तर ते म्हणाले, ‘घटनेनं एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं. अमेरिकेत असं नसतं.’ मला उत्तर देता आलं नाही. मर्यादाच घालायच्या होत्या, तर हक्क दिलेच कशाला? नाव छापू नका.”

सप्रेम नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात तुमची बाजू पटली. दुसऱ्या वाचनात लक्षात आलं की एकाच पाकिटात तुम्ही दोन उलट्या तक्रारी घातल्या आहेत. सभेच्या बाबतीत तुम्हाला मर्यादा नको आहे. डीजेच्या बाबतीत हवी आहे, आणि तीही आजच रात्री. रागावू नका, तुम्हाला चिमटा काढायचा नाही. हक्कांना मर्यादा का असतात याचं निम्मं उत्तर तुमच्या पत्रातच आहे एवढंच दाखवायचं होतं.

आधी डीजेचं घेऊ, ते सोपं आहे.

मंडळाची पोरं ज्या हक्काबद्दल बोलतात तो घटनेच्या कलम २५ मध्ये आहे. ते कलम त्यांच्यापैकी कोणी उघडून पाहिलेलं नसावं, कारण त्याची सुरुवातच अटीने होते. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन राहून, आणि घटनेच्या या, म्हणजे मूलभूत हक्कांच्या, भागातल्या इतर तरतुदींच्या अधीन राहून, धर्म आचरण्याचा हक्क सर्वांना सारखा आहे. अट आधी, हक्क नंतर. ‘इतर तरतुदीं’मध्ये कलम २१ येतं, म्हणजे तुमच्या वडिलांचा जगण्याचा हक्क. शांत झोप त्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणावरच्या २००५च्या निकालात सविस्तर सांगितलं आहे. त्याच निकालात एक फार साधी गोष्ट आहे. बोलायचा हक्क तुम्हाला आहे, तसा ऐकायचा किंवा न ऐकायचा हक्क समोरच्याला आहे. स्पीकर लावून कोणालाही जबरदस्तीने श्रोता बनवता येत नाही. त्याआधी २००० साली चेन्नईच्या एका प्रार्थनास्थळाचं प्रकरण न्यायालयापुढे आलं होतं. तिथे ढोल होते, गिटार होतं, लाउडस्पीकर होते आणि वैतागलेले शेजारी होते. दुसऱ्याची शांतता मोडून किंवा ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करा, असं कोणताच धर्म सांगत नाही, असं न्यायालय तेव्हा म्हणालं.

नियम आकड्यांत लिहिलेले आहेत. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि त्या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक बंद. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सणासुदीसाठी बारापर्यंत सूट देऊ शकतं. साडेबारा त्यातही बसत नाहीत. डेसिबलचं गणित आपल्या नेहमीच्या बेरजेचं नसतं हेही लक्षात ठेवा. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. पंचावन्नाचे पंचाहत्तर झाले की आकडा वीसने वाढलेला दिसतो, पण भिंतीवर आणि छातीवर शंभरपट आदळतं. तक्रार करायला घाबरत असाल, तर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे की अशा तक्रारीत तक्रारदाराची ओळख न विचारता कारवाई करा. ११२ फिरवा, वेळ लिहून ठेवा.

थोडक्यात, मंडळाच्या पोरांचा हक्क तुमच्या वडिलांच्या खाटेपर्यंत येऊन अडतो. हक्क एकट्यालाच दिला असता, तर त्याला मर्यादेची गरज पडली नसती. तो दीडशे कोटींना एकाच वेळी दिला आहे आणि सगळे एकमेकांना खेटून राहतात. इथवर तुमचं काही म्हणणं नसेल.

अडचण पुढे आहे. मंडळ विरुद्ध वडील ही दोन नागरिकांची गोष्ट झाली. तुमच्या सभेच्या वेळी समोर दुसरा नागरिक नव्हता, सरकार होतं. सरकारने ‘मर्यादा’ हा शब्द उच्चारला की तो कसा तपासायचा, हा खरा प्रश्न. दाजींचा टोमणा नेमका तिथेच लागतो.

तो टोमणा नवा नाही हो. घटना समितीतही हेच म्हटलं गेलं होतं. १९४७च्या एप्रिलमध्ये सोमनाथ लाहिरी भर सभागृहात म्हणाले होते की यातले बरेच हक्क पोलीस शिपायाच्या नजरेतून लिहिल्यासारखे वाटतात. हक्कांना इतके अपवाद जोडलेत की हक्कच उरत नाहीत, ही टीका मसुदा आल्यावरही चालूच राहिली. ४ नोव्हेंबर १९४८ला मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी तिला उत्तर दिलं, आणि अमेरिकेचं उदाहरण त्यांनीच काढलं. तिथल्या घटनेत हक्क बिनशर्त लिहिलेले दिसतात हे खरं. पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकालांमधून त्यांना मर्यादा घातल्याच आहेत. त्यासाठी त्यांनी १९२५च्या गिटलो खटल्याचा दाखला दिला. त्यात एका डाव्या जाहीरनाम्यासाठी झालेली शिक्षा कायम राहिली होती. बोलण्याचं स्वातंत्र्य म्हणजे काहीही बोलण्याचा परवाना नाही, असं त्या न्यायालयाने तेव्हा म्हटलं होतं. आंबेडकरांचं म्हणणं असं की फरक मांडणीत आहे. तिथे मर्यादा न्यायाधीश शोधून काढतात, इथे आम्ही त्या घटनेतच लिहून टाकल्या.

मला विचाराल तर लिहिलेली मर्यादा परवडते. लिहिलेली गोष्ट वाचून दाखवता येते.

आणि ती लिहिताना भांडणंही झाली. मसुद्यात भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादांमध्ये ‘राजद्रोह’ हा शब्द होता. कन्हैयालाल मुन्शींच्या दुरुस्तीमुळे तो गेला. पंडित ठाकुरदास भार्गव यांनी ‘निर्बंध’ या शब्दाआधी ‘वाजवी’ हा शब्द घालायला लावला, आणि सभा, संघटना, संचार, व्यवसाय या हक्कांच्या बाबतीत तो स्वीकारला गेला. एक विशेषण, बस. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं हक्कांची निम्मी लढाई या विशेषणावर चालली आहे.

भाषणस्वातंत्र्याच्या पोटकलमात मात्र तेव्हा ‘वाजवी’ नव्हता. तो कसा आला ते ऐकण्यासारखं आहे. २६ मे १९५० या एकाच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. ‘क्रॉस रोड्स’ या डाव्या साप्ताहिकावर मद्रास सरकारने प्रवेशबंदी घातली होती आणि ‘ऑर्गनायझर’ या उजव्या साप्ताहिकावर दिल्लीत पूर्वतपासणी लादली होती. दोन्ही आदेश रद्द झाले. घटनेतल्या यादीत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे कारणच नव्हतं, मग त्या कारणासाठी तोंड बंद कसं करणार? सरकार हादरलं आणि १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती आली. यादीत तीन कारणं वाढली: सार्वजनिक सुव्यवस्था, परकीय देशांशी मैत्रीचे संबंध आणि अपराधाची चिथावणी. पण त्याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांनाही ‘वाजवी’ची अट लागली. सरकारने दोरी लांबवली आणि त्याच हाताने न्यायालयाला कात्री दिली. दाजींचं ‘एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढलं’ इथे उलटं लागू होतं, त्यांना जरूर सांगा.

आज भाषणस्वातंत्र्यावर निर्बंध घालायला आठ कारणं आहेत. भारताची सार्वभौमता व एकात्मता (हे १९६३ला जोडलं), राज्याची सुरक्षितता, परकीय देशांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी, अपराधाची चिथावणी. नववं नाही. जानेवारी २०२३ मध्ये घटनापीठाने हे पुन्हा स्पष्ट केलं की ही यादी पूर्ण आहे, तिच्याबाहेरचं कारण आणून भाषणावर बंधन घालता येत नाही. आणि तुमचा हक्क तर सभेचा, शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमण्याचा. त्यासाठी कारणं फक्त दोन: देशाची सार्वभौमता व एकात्मता, आणि सार्वजनिक सुव्यवस्था. ‘वर्दळ असते’, ‘वरून फोन आला’, ‘नगरसेवक नाराज होतील’ ही कारणं त्या यादीत कुठे बसतात ते शोधून पाहा.

तुमच्या साहेबांनी ‘कायदा-सुव्यवस्था’ म्हटलं. घटनेत ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आहे. हा शब्दांचा कीस वाटेल तुम्हाला, पण याच फरकावर राम मनोहर लोहिया तुरुंगातून बाहेर आले आहेत. १९६५चं प्रकरण. भारत संरक्षण नियमांखाली त्यांना स्थानबद्ध केलं. नियमात शब्द होता सार्वजनिक सुव्यवस्था, आणि जिल्हाधिकाऱ्याने आदेशात लिहिलं कायदा व सुव्यवस्था. न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी तीन वर्तुळं कल्पायला सांगितली. सगळ्यांत मोठं कायदा-सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, त्याच्याही आत राज्याच्या सुरक्षिततेचं. दोन दारुडे आपसांत भांडले तर कायदा मोडला, पोलिसांनी त्यांना उचलावं. पण तेवढ्याने समाजाची घडी विस्कटत नाही. मोठ्या वर्तुळातली गोष्ट आपोआप आतल्या वर्तुळात जात नाही.

लोहियांचाच त्याआधीचा एक खटला तुम्हाला जास्त जवळचा वाटेल, कारण तोही पाण्याचा आहे. १९५४ मध्ये फर्रुखाबादच्या सभेत त्यांनी शेतकऱ्यांना सांगितलं की वाढीव पाणीपट्टी भरू नका. कालव्याच्या पाण्याचे दर वाढले होते. १९३२च्या, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या, एका कायद्याखाली त्यांना पकडलं. सरकारचा युक्तिवाद असा होता की आज लोक पट्टी भरणार नाहीत, उद्या सरकारचा अवमान करतील, परवा क्रांती होईल. १९६०च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही साखळी मोडून काढली. भाषण आणि अशांतता यांचा संबंध जवळचा आणि खरा हवा. दूरचा, कल्पनेतला किंवा ओढूनताणून जोडलेला चालत नाही. ती तरतूद रद्द झाली. आता तुमची सभा बघा. बारा माणसं, एक फलक आणि नळ. यातून सार्वजनिक सुव्यवस्था कशी बिघडते ते साहेबांनी सांगायचं आहे. न बिघडण्याची हमी तुम्ही द्यायची नाही.

बरं, कारण यादीत बसलं तरी काम संपत नाही. निर्बंधामागे ‘कायदा’ हवा. साहेबांची मर्जी, खात्याचं परिपत्रक, वरून आलेला निरोप यांना इथे कायदा म्हणत नाहीत. १९८५ मध्ये केरळातल्या एका शाळेतून तीन भावंडांना काढून टाकलं होतं. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत, पण धार्मिक श्रद्धेमुळे म्हणत नसत. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. त्याचं एक कारण हे होतं की शिक्षण खात्याची परिपत्रकं म्हणजे कायदा नव्हे, आणि गायलाच हवं असं सांगणारा कायदा नव्हता. मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्या मुलांपेक्षा त्यांच्या मुख्याध्यापिकांची कीव आली होती. वरून कागद आला, त्यांनी पाळला, आणि तो कागदच टिकला नाही.

तुमच्या बाबतीत कायदा आहे: महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१. त्याखाली रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येतं. पण याच कायद्याखाली अहमदाबादच्या पोलीस आयुक्तांनी केलेला नियम १९७२ मध्ये घटनापीठापुढे गेला. (तेव्हा त्याचं नाव मुंबई पोलीस अधिनियम होतं, आणि तो महाराष्ट्र आणि गुजरात दोन्हीकडे लागू होता.) रस्त्यावर सभा घ्यायला आधी परवानगी लागेल, एवढंच तो नियम सांगत होता. परवानगी केव्हा नाकारायची याबद्दल अवाक्षर नाही. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. रस्त्यावर सभेचं नियमन करता येतं, कारण रस्ता इतरांचाही आहे, कोणाला दवाखान्यात जायचं असतं, कोणाला घरी. पण कोणतीही दिशा न देता, नाकारण्याचा मोकळा अधिकार अधिकाऱ्याच्या हातात देता येत नाही. नियम रद्द झाला. पोलीस ठाण्यात जाल तेव्हा हे अहमदाबाद डोक्यात असू द्या. तिथे भाषण मात्र देऊ नका.

आणि सगळ्यांत शेवटी येतो तो ‘वाजवी’. कारण बरोबर, कायदाही आहे, पण मात्रा किती? याचं मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण विड्यांचं आहे. मध्यप्रांत आणि वऱ्हाड सरकारने १९४८ मध्ये एक कायदा केला. शेतीच्या हंगामात मजूर मिळत नाहीत, सगळे विड्या वळत बसतात, म्हणून हंगामात ठराविक गावांत विड्या करायला बंदी. हेतू चांगलाच होता, धान्याची टंचाई होती. १९५० मध्ये सागर जिल्ह्यात तसा आदेश निघाला, काही गावांत कोणीही विडी वळायची नाही. आता दाराशी बसून मांडीवर सूप घेतलेली, तेंदूच्या पानावर तंबाखूची चिमूट पसरून दोरा बांधणारी म्हातारी डोळ्यांसमोर आणा. ती काही भात लावायला जाणार नव्हती. लंगडा माणूस जाणार नव्हता. हंगामातही ज्यांना शेतात काम नसायचं, ते जाणार नव्हते. बंदी सगळ्यांना सारखीच. न्यायालय म्हणालं, शेतीला मजूर हवेत तर तेवढ्यापुरतं करा, ठराविक तासांपुरतं करा, शेतावर जाऊ शकणाऱ्यांपुरतं करा. हे जास्तीचं आहे. ‘वाजवी’ शब्दात विचारपूर्वक निवड अभिप्रेत आहे, असं न्यायमूर्ती महाजनांनी लिहिलं. राज्यघटना लागू होऊन वर्ष पुरं व्हायच्या आत आलेला हा निकाल, आणि तो विडी वळणाऱ्यांच्या पोटासाठी होता.

पुढे हीच फूटपट्टी ‘प्रमाणबद्धता’ या जडजंबाल नावाने ओळखली जाऊ लागली. नावाला घाबरू नका. उद्देश योग्य आहे का, उपायाचा त्या उद्देशाशी संबंध आहे का, याहून सौम्य उपाय होता का, आणि नुकसान फायद्यापेक्षा जास्त तर नाही ना, एवढंच त्यात विचारतात. आपल्याकडचीच डान्सबारची बंदी घ्या. २००५ मध्ये साध्या बारमधला नाच बंद झाला आणि तीन तारांकित व त्याहून वरच्या हॉटेलांना मोकळीक राहिली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी टिकू दिली नाही. बायकांचं संरक्षण करायला निघालेल्या कायद्याने बायकांचीच रोजीरोटी घालवली, रोगापेक्षा औषध जालीम ठरलं, हा त्यातला मुद्दा होता. तो निकाल अनेकांना रुचला नाही. माझ्या घरीही त्यावरून जेवणं गार झाली आहेत.

एक खुलासा करायला हवा, नाहीतर सगळेच हक्क ‘परंतु’ने भरलेले आहेत असा समज होईल. कलम १७ काढून वाचा. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. त्यात ‘वाजवी निर्बंधांच्या अधीन’ नाही, ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ नाही, काही नाही. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हे सांगणारं कलम २०ही तसंच. १९७८च्या ४४व्या दुरुस्तीनंतर कलम २० आणि २१ आणीबाणीतही गोठवता येत नाहीत. घटना लिहिणाऱ्यांना कुठे जागा सोडायची आणि कुठे नाही हे नीट कळत होतं.

आता थोडं न आवडणारं. न्यायालयांची रेघ दर वेळी योग्य जागी पडते असं मी तुम्हाला सांगणार नाही. १९७६ मध्ये, आणीबाणीत, पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी मान्य केलं की स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचं दारही ठोठावता येणार नाही. एकट्या हंसराज खन्नांनी नकार दिला. तो निकाल चुकीचा होता हे स्पष्टपणे म्हणायला २०१७ उजाडावं लागलं. अब्रुनुकसानी हा फौजदारी गुन्हा असावा, हे २०१६ मध्ये कायम राहिलं. मला ते पटलेलं नाही, बदनामीला दिवाणी भरपाई पुरते असं माझं मत आहे. उलट पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या एका मजकुरावरून अटक झाली, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ २०१५ मध्ये रद्द झालं. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’ अशा शब्दांत काहीही बसवता येतं, हे तिथे कारण होतं. म्हणजे रेघ हलते. ती हलवायला कोणीतरी उभं राहावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते तुमच्यासारखं कोणीतरी असतं, ज्याला मुळात फक्त पाणी हवं होतं.

तुम्ही काय करायचं ते सांगते.

पुढच्या वेळी तारखेच्या किमान दहा-बारा दिवस आधी अर्ज द्या. न्यायालयात जायची वेळ आलीच, तर हातात दिवस हवेत. सभा होऊन गेल्यावर मिळालेला न्याय फ्रेम करून लावण्यापुरता. अर्जात विषय, वेळ (सुरू आणि बंद, दोन्ही), अंदाजे माणसं, ध्वनिवर्धक असेल तर कोणता, आणि रस्त्याची कोणती बाजू मोकळी ठेवणार, हे लिहा. एक पर्यायी जागा आणि एक पर्यायी तारीख आपणहून द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. शिक्का नाही दिला, तर स्पीड पोस्टाने पाठवा.

नकार आला तर वाद घालू नका. एवढंच म्हणा, “साहेब, लेखी द्या, कोणत्या कलमाखाली ते लिहून.” तरुणपणी एका ज्येष्ठ वकिलांनी मला शिकवलेलं हे वाक्य आहे, आणि त्याने किती नकार जागच्या जागी विरघळतात हे मी पाहिलंय. जमावबंदी आहे असं सांगितलं, तर आदेशाची प्रत मागा. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा मनाई आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खालचा, म्हणजे लोक अजूनही ज्याला १४४ म्हणतात तो, साधारणपणे दोन महिने. असे आदेश प्रसिद्ध करायला हवेत, हे २०२० मध्ये काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. त्यामुळे ‘आहे, पण दाखवता येत नाही’ हे उत्तर स्वीकारू नका. लेखी नकार हातात आला की कलम २२६ खाली उच्च न्यायालयात जाता येतं. वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, तुमच्या दहा-बारा जणांत बायका असतीलच. पाण्यासाठी रात्री दोनला उठतं कोण?

आता एक शेवटची गोष्ट. तुमच्या पत्रातली प्रसूतिगृहाची ओळ मी दोनदा खाली अधोरेखित करून ठेवली आहे. रुग्णालयाभोवतीचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र होऊ शकतो, आणि तिथे दिवसाही मर्यादा ५० डेसिबलची आहे. २०१७च्या दुरुस्तीनंतर सरकारने तो भाग तसा जाहीर केलेला असावा लागतो, तेवढं नगरपरिषदेत विचारून घ्या. जाहीर असेल, तर तुमचा अर्ज नाकारायला साहेबांकडे एक खरं कारण आहे, फक्त त्यांना ते सुचलेलं नाही. जाहीर नसेल तरी भोंगा घेऊन त्या खिडक्यांखाली उभे राहू नका. आतल्या बाळंतिणीला तुमच्या आवाजाचा तोच त्रास होईल जो तुमच्या वडिलांना डीजेचा होतो, आणि मंडळाची पोरं ते दाखवून द्यायला टपलेलीच असतील. पाण्याच्या टाकीजवळ किंवा नगरपरिषदेसमोर मोकळी जागा असेल, तर ती अर्जात पहिल्या क्रमांकावर टाका. पाण्याच्या सभेला ती शोभतेही जास्त. सोबत मोजायची टेप घेऊन जा, प्रसूतिगृहापासूनचं अंतर मोजा, आणि तो आकडा अर्जात लिहा.